जुना संगणक, नवी डिस्क

तुमच्या शाळेच्या संगणककक्षात एखाद्या कोपऱ्यात दोन-तीन जुने संगणक धूळ खात पडलेले असतील. ‘जागा संपली’ किंवा ‘फार हळू चालतो’ असा शेरा मिळून त्यांची नावे निर्लेखनाच्या यादीत गेलेली असतील. माझे मत असे आहे, की भंगारात जाण्यापूर्वी त्यांपैकी एक तरी संगणक तुमच्या हाती पडला पाहिजे.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत असाच एक संगणक होता. प्रयोगांच्या नोंदी आणि चित्रफिती साठवून त्याची हार्ड डिस्क भरली होती. बाकी यंत्र धडधाकट होते. आम्ही ४ टेराबाइटची नवी डिस्क आणली आणि ती बसवण्याचे काम अकरावीच्या चार विद्यार्थ्यांवर सोपवले. त्यांनी आधी प्लग काढला. मग पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवला. जुन्या डिस्कशेजारच्या रिकाम्या खणात नवी डिस्क चार स्क्रूंनी घट्ट केली. एक केबल वीजपुरवठ्याची, दुसरी माहितीची. काम अर्ध्या तासात झाले.

पण संगणक सुरू केला, तर नवी डिस्क कोठेच दिसेना! “सर, डिस्क खराब निघाली,” असे म्हणून मुले हिरमुसली. डिस्क खराब नव्हती, कोरी होती. कोऱ्या डिस्कवर आधी विभागांचा तक्ता लिहावा लागतो. त्याशिवाय संगणकाला तिच्यावर काही ठेवता येत नाही. तक्त्याचे दोन प्रकार पडद्यावर आले. मुलांनी त्यांतला पहिला, एमबीआर नावाचा, निवडला. आता डिस्क दिसली, पण २,०४८ गिगाबाइट एवढीच वापरता येईना का, उरलेली सुमारे १,६७७ गिगाबाइट जागा नुसती पडून!

दुकानदाराने फसवले, की संगणकच निकामी? दोन्ही नाही. हे कोडे घातांकांच्या नियमांनी सुटते. ग्रंथालयाच्या नोंदवहीत क्रमांकासाठी चारच घरे आखलेली असतील, तर ९,९९९ नंतरचे पुस्तक कपाटात असूनही वहीत चढत नाही. येथेही तसेच झाले. एमबीआर तक्ता १९८३ सालचा. त्यात डिस्कवरील प्रत्येक कप्प्याच्या क्रमांकासाठी द्विमान पद्धतीचे ३२ अंक राखलेले आहेत. म्हणजे क्रमांक फार तर २ चा ३२ वा घात इतके. एका कप्प्यात ५१२ बाइट, म्हणजे २ चा ९ वा घात. गुणाकार केला की २ चा ४१ वा घात. संगणक ज्याला एक गिगाबाइट म्हणतो तो २ चा ३० वा घात. भागाकार करा : २ चा ११ वा घात, म्हणजे बरोबर २,०४८!

वेष्टनावर ४,००० गिगाबाइट असताना पडद्यावर एकूण सुमारे ३,७२५ का दिसतात, तेही यातूनच उलगडते. कारखानदार शंभर कोटी बाइटला गिगाबाइट म्हणतो; आमचा संगणक १,०७,३७,४१,८२४ बाइटला. दोघेही खोटे बोलत नाहीत, मापे वेगळी आहेत.

ज्यांनी ३२ अंक ठरवले त्यांना हसू नका. त्या साली आयबीएमच्या घरगुती आकाराच्या संगणकात १० मेगाबाइटची डिस्क असे. त्यांनी तिच्या सुमारे दोन लाख पट जागेची तरतूद करून ठेवली होती!

उपाय होता जीपीटी या दुसऱ्या प्रकारच्या तक्त्याचा. त्यात क्रमांकाला ६४ अंक मिळतात. पण तक्ता बदलताना डिस्कवरचे सारे पुसले जाते, आणि पडद्यावर दोन डिस्का होत्या. चुकून जुनी निवडली असती तर अनेक वर्षांच्या नोंदी गेल्या असत्या. एका मुलीने मित्राचा हात थांबवला आणि म्हणाली, “आधी आकार वाचू या.” दोघांनी आकार मोठ्याने वाचला आणि मगच कळ दाबली. त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा धडा मला हाच वाटतो. आधी महत्त्वाच्या नोंदींची प्रत करून ठेवावी, हा धडा मात्र मी स्वतः शिकलो. ती काळजी मी आधीच घ्यायला हवी होती.

शिक्षकबंधूंना भीती वाटते, की मुले काहीतरी मोडतील. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून नियम करावेत : प्लग काढल्याशिवाय पेटी उघडायची नाही, वीजपुरवठ्याची बंद पेटी आणि डिस्कचे झाकण कधीच उघडायचे नाही, प्रत केल्याशिवाय काही पुसायचे नाही. प्रत्येक जुना संगणक वाचेल असेही नाही. पण ज्या कक्षात मुलांना केवळ कळा बडवायला मिळतात, तेथे ती संगणक वापरायला शिकतात, समजून घ्यायला नाही. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी त्यातला एक संगणक बाजूला काढून ठेवा आणि एक शनिवार मुलांना द्या. एवढीच विनंती.