कमी धुराची शेगडी घेताना अम्मीला विचारलंत का?

नागपुरात नेहरू मार्गावर 'नीरी' आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ सालापासूनची. या संस्थेने घरगुती स्वयंपाकासाठी एक बहुइंधनी शेगडी तयार केली, तिचं नाव 'नीरधूर'. नावात 'निर्धूर'ही ऐकू येतं आणि 'नीरी'ही. लाकूड, गोवरी, शेतातला काडीकचरा, भुसा दाबून केलेल्या गोळ्या, कोळसा, हाताशी जे असेल ते कमी धुरात जळावं हा तिचा उद्देश. आपल्या सदरपासून ही संस्था काही किलोमीटरवर आहे. सदर, गड्डीगोदाम, छावणी या भागांत ज्यांच्याकडे आजही चूल पेटते अशा ओळखीच्या घरांत मी विचारलं, तर हे नाव एकाही बाईने ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या मुलांनी मात्र मोबाइलवर अशा शेगड्यांच्या जाहिराती पाहिल्या होत्या, आणि दोघा-तिघांच्या मनात पहिल्या पगारातून अम्मीसाठी एखादी घ्यावी असंही होतं. हा लेख मुख्यतः त्या मुलांसाठी. (मुलींसाठीही आहे, पण त्या बहुतेक वेळा चुलीशेजारीच बसलेल्या असतात, त्यांना यातलं बरंच ठाऊक असतं.)

'आता चूल कोण पेटवतं, गॅस आला ना सगळीकडे,' असं म्हणणारे मित्र भेटतात. गॅस आला, हे खरं. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे तिच्या जोडण्या दहा कोटींच्या वर गेल्या. पण सरकारी आकडाच सांगतो की २०२३-२४ मध्ये उज्ज्वलाच्या एका जोडणीमागे वर्षाला सरासरी चार सिलिंडरही भरले गेले नाहीत, ३.९५ भरले गेले. सिलिंडरमागे ३०० रुपयांचं अनुदान त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मिळत होतं, तरी. चार-पाच माणसांच्या घरात फक्त गॅसवर रांधायचं तर एक सिलिंडर महिना, फार तर दीड महिना पुरतो. म्हणजे वर्षाला किमान आठ लागतात. उरलेल्या महिन्यांत त्या घरांतली रोटी कशावर भाजली जाते, हे विचारायला कुणी जात नाही.

आणि ही फक्त खेड्यातली गोष्ट नाही. सदरच्या जुन्या वाड्यांतून, भाड्याच्या खोल्यांतून सकाळी फिरून बघा. हिवाळ्यात आंघोळीचं पाणी बंबात, लाकडाच्या फोडींवर तापतं. पाये आणि निहारी तासन्‌तास शिजतात, ते गॅसवर परवडत नाही. महिनाअखेरीस सिलिंडर संपला की पुढचे चार दिवस चूल. डबे करून देणाऱ्या बायकांचं तर अर्धं गणितच जळणावर चालतं. गॅस आणि चूल दोन्ही एकाच घरात नांदतात, आणि गॅस दारासमोर दिसतो म्हणून मागची चूल मोजली जात नाही.

तेव्हा शेगडी घ्यायच्या आधी एक साधा हिशेब करा. जेवढे पैसे तुम्ही शेगडीत घालणार आहात, तेवढ्यात घरातला गॅस आणखी किती दिवस ओढता येईल? भाड्याच्या खोलीमुळे पत्त्याचा कागद नाही म्हणून जोडणी अडली असेल, तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, तो आधी बघा. कमी धुराची शेगडी ही गॅसची बरोबरी करत नाही. जे लाकूड आज तीन विटांवर जळतं आहे, ते जरा बऱ्या तऱ्हेने जळावं, एवढंच तिचं काम. गॅसवर सुरळीत रांधणाऱ्या घरात 'बचत होईल' म्हणून ती आणणं म्हणजे गेलेला धूर परत बोलावणं.

आता समजा चूल आहेच आणि सुटणार नाही. मग कुठली घ्यायची?

दुकानदार आणि जाहिरात दोघेही शेगडीपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, जळणापासून करा. धूर म्हणजे न जळलेलं जळण. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतो, त्या वायूला पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर तो ज्योत होतो, नाही मिळाली तर तोच धूर होऊन डोळ्यांत जातो. चांगल्या शेगडीत भट्टीची जागा लहान असते, भोवती उष्णता धरून ठेवणारं अस्तर असतं आणि हवा दोन ठिकाणांहून येते, एक खालून लाकडाला आणि एक वरून वायूला. काहींत छोटा पंखा असतो, तो ही हवा जोराने ढकलतो. पण लाकूड ओलं असेल तर उष्णता आधी त्यातलं पाणी उडवण्यात खर्च होते, आणि मग ही सगळी करामत लंगडी पडते.

'बहुइंधनी' या शब्दाचा अर्थ इथे नीट समजून घ्यावा. पेटीवर पाच जळणांची चित्रं असतात. ती पाचही त्या भट्टीत मावतात आणि पेटतात. पाचही सारख्याच कमी धुरात जळतील असं ते चित्र सांगत नाही. पंख्याच्या शेगडीला बोटाएवढे तुकडे किंवा गोळ्या लागतात. काही शेगड्या एकदा भरून वरून पेटवायच्या असतात, मध्येच जळण टाकलं की धूर सुरू. म्हणून प्रश्न असा विचारायचा: आपल्याला बारा महिने, कोरडं, परवडेल असं काय मिळतं? लकडगंजच्या आरा मशीनवरची फोड मिळते का? गावाकडून पऱ्हाट्या, तुराट्या येतात का, आणि आल्या तर पावसाळ्यात ठेवायच्या कुठे? पऱ्हाटीचे वीतभर तुकडे रोज कोण करणार? फर्निचरच्या कारखान्यातलं प्लायवूड आणि रंग लावलेलं लाकूड फुकट मिळतं म्हणून जाळू नका. त्यातला डिंक आणि रंग जळून जे बाहेर पडतं ते कुठलीच शेगडी गिळत नाही.

जळणाचा विचार मागे ठेवला की काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बीपी या तेल कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' नावाची पंख्याची शेगडी काढली होती. पुढे ती पुण्याच्या 'फर्स्ट एनर्जी' कंपनीकडे आली. मुख्यतः महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या गावांत मिळून चार लाखांवर शेगड्या विकल्या गेल्या. शेगडी चांगली होती, बायकांना आवडलीही होती. पण ती चालायची शेतातल्या कचऱ्यापासून केलेल्या खास गोळ्यांवर. कारखान्यांच्या बॉयलरनाही तोच कचरा हवा होता, त्यामुळे त्याचे भाव चढले, गोळ्या महागल्या, घरांपर्यंत येईनाशा झाल्या. कंपनी हॉटेलांकडे आणि मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळली. घरांत शेगड्या राहिल्या, गोळ्या नव्हत्या. गोळ्यांवर चालणारी शेगडी घेताना म्हणून आधी गोळ्यांचं दुकान बघा, मग शेगडीचं.

कोळशाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आपण नागपूरकर. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, खाणी उमरेड-सावनेरला. दगडी कोळसा इथे अनोळखी नाही, आणि शेगडीच्या पेटीवरही त्याचं चित्र असतं. घरात तो जाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत कच्चा दगडी कोळसा घरगुती इंधन म्हणून वापरूच नये असं स्पष्ट म्हटलं आहे. लाकडी कोळसा धूर देत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की जळती सिगडी खोलीत घेऊन दार लावतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, झोपेत माणूस जातो. 'कमी धुराची' लिहिलेली शेगडीसुद्धा बंद खोलीत हेच करू शकते. घरात कुणी अशी सिगडी आत आणत असेल तर आज रात्रीच बोला, शेगडीची खरेदी नंतर होत राहील.

खरेदी करताना भारतीय मानकाचा क्रमांक विचारा: आयएस १३१५२, भाग १, २०१३ चा. या मानकाप्रमाणे साध्या शेगडीने जळणातली किमान २५ टक्के आणि पंख्याच्या शेगडीने किमान ३५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचवायला हवी. धुरातल्या कणांची मर्यादा भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे साध्या शेगडीला ३५० मिलिग्रॅम, पंख्याच्या शेगडीला १५०. दोन्हींत मोठा फरक आहे, म्हणून वीज किंवा बॅटरीची सोय असेल तर माझं मत पंख्याच्या बाजूने. मात्र पंखा बिघडला तर नागपुरात कोण दुरुस्त करेल हे पैसे देण्याआधी विचारा. आणि हेही लक्षात ठेवा की मानकात पास झालेली शेगडीही धूर देतेच. तिला दहा बाय दहाच्या बंद स्वयंपाकघरात ठेवून उपयोग नाही. गच्ची, अंगण, गॅलरी, नाहीतर धुराडं.

इथे एक आपल्या घरातली गोष्ट. जुन्या मोहल्ल्यात स्वयंपाकघराची खिडकी गल्लीवर उघडते, आणि गल्लीतून आतलं दिसतं म्हणून ती बंद असते, किंवा तिच्यावर जाड पडदा असतो. बाहेरच्याला आतली बाई दिसत नाही, आतल्या बाईला हवा मिळत नाही. सहेरीच्या वेळी तर अंधार, थंडी, शेजारच्या खोलीत झोपलेली मुलं, म्हणून दारही ओढलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख लोक दगावले. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा जुनाट दमा आणि फुफ्फुसांचे विकार, हृदयविकार यांचा तो हिशेब आहे. खिडकीच्या वरच्या भागात जाळी किंवा झडपा बसवल्या तर नजर अडते आणि धूर बाहेर जातो. याला सुताराचा एक दिवस लागतो. घरमालक नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडायला अम्मीला पाठवू नका, तुम्ही जा. आणि गच्चीवर शेगडी नेलीत तर वरच्या मजल्याच्या खिडकीत धूर जात नाही ना, तेही बघा.

सगळ्यात जास्त चुकतं ते भांड्यांपाशी. शेगडी बनवणाऱ्याने एक ठराविक पातेलं समोर ठेवलेलं असतं. आपल्याकडे जाड बुडाचा मोठा पतेला असतो, तो भरला की हलक्या शेगडीवर डुगडुगतो. रोटीला एक आच लागते, दमाला दुसरी, आणि दमाच्या वेळी झाकणावर ठेवायला निखारे लागतात. ते ज्या शेगडीतून काढताच येत नाहीत ती महिन्याभरात माळ्यावर जाते. नागपूरची लंबी रोटी उलट्या मडक्यावर होते, तिला खालून रुंद जाळ हवा. ती विकून घर चालवणाऱ्या बायकांना चार इंच तोंडाची शेगडी काय कामाची, मला शंका आहे. आणि मोहर्रमचा खिचडा किंवा निकाहची देग तर या शेगड्यांचा विषयच नाही. तिथे गॅसची मोठी भट्टीच लावा, मोहल्ल्याने वर्गणी काढून घेतली तरी चालेल.

हे सगळं जिला माहीत आहे तिला न विचारता शेगडी घरात येते, हा या देशाचा जुना रिवाज आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली तेव्हापासून बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्याची काळजी घेणारे पुष्कळ झाले. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या आणि २००२ मध्ये तो बंद केला. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हाना या अर्थतज्ज्ञांनी ओडिशातल्या सुमारे २,६०० घरांत सुधारित चुलींचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर थोडा कमी झाला. पुढे चुली फुटल्या, धुराडी तुंबली, बायका जुन्या चुलीकडे वळल्या, आणि फुफ्फुसांच्या तब्येतीत फरक दिसला नाही. प्रयोगशाळेत चूल खोटी नव्हती. दुरुस्त करायला कुणी नव्हतं आणि रांधणारीला ती सोयीची वाटली नव्हती.

म्हणून अम्मीला, खालाला, जी रोज फुंकणी हातात घेते तिला दुकानात न्या. नेता येत नसेल तर ज्यांच्याकडे अशी शेगडी आहे त्यांच्याकडे एक दिवस पूर्ण स्वयंपाक करायला पाठवा, फक्त चहा करून बघणं पुरेसं नाही. तिने नको म्हटलं तर घेऊ नका, भले ती शेगडी मानकात पहिली आलेली असो.

आणि एक काम आपण मिळून करू शकतो. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारायच्या शहरांच्या यादीत नागपूर आहे. शहरात त्यावर बोलणं होतं ते रस्त्यावरची धूळ आणि गाड्यांबद्दल. महापालिकेच्या मंगळवारी झोनला आणि नीरीला एक अर्ज द्यावा: सदरच्या मंगळवारी बाजारात एक दिवस 'नीरधूर' आणि आणखी दोन-तीन शेगड्या पेटवून दाखवा. बायका आपापली भांडी आणि घरचं जळण घेऊन येतील, रोटी आणि दाल तिथेच करतील. दिवस जुलैतला ठेवा, म्हणजे लाकूड आमच्या घरात असतं तसंच ओलसर असेल. अर्जावर सह्या गोळा करायला मी तयार आहे, पण पहिल्या सह्या रांधणाऱ्यांच्या हव्यात.