शेवाळाच्या क्रीमनं वांग जातो का? अकोल्याचं प्रकरण काय सांगतं?

मे 2024 मध्ये तापमान 45 अंशांवर गेलं, तेव्हा अकोल्यात चक्क कलम 144 लावलं होतं. अमरावती-अकोल्यात दुपट्ट्यानं तोंड बांधून गाडी चालवणं काही नवीन नाही. तरी गालांवर वांग येतोच. मग मोबाइलवर रील येते: 'समुद्री शेवाळाचा अर्क लावा, डाग गायब!'

यात तथ्य किती? थोडं आहे. उथळ पाण्यातलं शेवाळ दिवसभर ऊन सोसतं. पोर्फायरा या लाल शेवाळात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं असतात. त्वचेत मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज हे विकर लागतं. एक्लोनियासारख्या तपकिरी शेवाळातली काही द्रव्यं त्याला अडवतात. पण हे मुख्यतः प्रयोगशाळेत दिसलंय. परीक्षानळीतला परिणाम तुमच्या गालावर तसाच दिसेल, असं नाही.

पाकिटामागची यादी वाचा. घटक साधारण उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात. शेवाळाचं नाव तळाला, सुगंधाच्या शेजारी असेल तर ते बहुधा नावापुरतंच. कॅराजीननही शेवाळातूनच येतं, पण त्याचं काम क्रीम घट्ट करणं. आणि एसपीएफचा आकडा नसेल, तर त्या क्रीमला सनस्क्रीन समजू नका.

शेवाळाच्या क्रीमनं फार तर पैसे वाया जातील. खरी भीती लवकर गुण देणाऱ्या, बिननावाच्या डबीची आहे. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन महिलांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं समोर आलं. धागा पोहोचला ब्युटिशियनकडून घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. हो, थर्मामीटरमधला तोच. पाराही टायरोसिनेजलाच अडवतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. केरळच्या मलप्पुरममध्येही त्याच वर्षी असे रुग्ण आढळले. भारतात क्रीममध्ये नकळत आलेला पाराही 1 पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही.

वांगासाठी पहिला उपाय म्हणजे ऊन टाळणं. साध्या उजेडानंही तो गडद होतो, त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं. पुढचं त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर ती घेऊ नका. आधीच वापरत असाल आणि पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज दिसली, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम थांबवा आणि डबी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.