सायकलस्वाराचा ‘मुका मार’ आणि आपला केसपेपर

‘मुका मार लागला आहे, तेल द्या,’ हे वाक्य ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याला नवे नाही. बांधावरून घसरलेला, बैलाने ढुशी दिलेला, माळ्यावरून पडलेला, असे नानाविध रुग्ण याच वाक्याने चिकित्सालयात प्रवेश करतात. गेल्या काही वर्षांत या वाक्याआड आणखी एक कारण दडू लागले आहे आणि बहुधा रुग्ण ते आपणहून सांगत नाही. सायकलवरून जाताना मोटारगाडीने दिलेली धडक, हे ते कारण होय. रुग्णाने न सांगितलेल्या या कारणाविषयी आणि आपण न विचारलेल्या प्रश्नाविषयी व्यवसायबंधूंशी तसेच औषधी विक्रेत्या बंधुभगिनींशी चार शब्द बोलावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

माझे चिकित्सालय पाबळ येथे आहे. मस्तानीच्या समाधीमुळे आणि डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमामुळे हे गाव अनेकांना परिचित असेल. राजगुरुनगर आणि शिक्रापूर यांना जोडणारा रस्ता आमच्या गावातून जातो. एका बाजूस चाकणची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस सणसवाडी आणि रांजणगाव. कारखाने आले, रोजगार आला, त्याबरोबर गाड्यांचा वेगही आला. सायकल मात्र गेली नाही. वाड्यावस्त्यांवरून शाळेला येणारी मुले, डेअरीवर दूध घालणारे शेतकरी, कामावर जाणारे मजूर आजही सायकलवरच असतात. रस्त्याची साइडपट्टी खचलेली असली की सायकलस्वाराला डांबरावरच राहावे लागते आणि पहाटेच्या अंधारात मागून येणाऱ्या गाडीला तो दिसतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचावन्नच्या आसपासचे एक शेतकरी पहाटे दुधाची किटली घेऊन सायकलवर निघाले होते. मागून आलेल्या मोटारीचा धक्का लागून ते रस्त्याकडेला फेकले गेले. गाडीवाला थांबला, हे नमूद केले पाहिजे. त्याने त्यांना उठवून बसवले, ‘दवाखान्यात चला’ असेही म्हटले. परंतु घरी गायी खोळंबल्या होत्या. सायकलदुरुस्तीचे व सांडलेल्या दुधाचे म्हणून दोन हजार रुपये हातावर ठेवले गेले आणि विषय मिटला. गाडीचा नंबर कोणी पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. उजवा खांदा दुखत होता, कोपर खरचटले होते, उजव्या कानाच्या वर एक लहानसे टेंगूळ होते. मी खांदा तपासला, लेप दिला, लाक्षादि गुग्गुळ दिला, तेल दिले. केसपेपरवर लिहिले : ‘उजव्या खांद्यास अभिघात, शोथ, शूल.’ अभिघात कशाने, कुठे, केव्हा, यांविषयी एक अक्षरही लिहिले नाही. टेंगळाचा उल्लेखही केला नाही.

चौथ्या आठवड्यात मुलगा त्यांना घेऊन आला. डोके सतत दुखत होते, बोलताना शब्द आठवत नव्हते, दिवसा झोप येत होती, डावा पाय ओढला जात होता. मी तत्काळ पुण्यास पाठवले. सी.टी. स्कॅनमध्ये कवटीच्या आत, मेंदूवरील आवरणाखाली जुने रक्त साठल्याचे दिसले. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. परंतु काठी कायमची हातात आली आणि खर्चापायी दोन गायी विकाव्या लागल्या.

काही दिवसांनी मुलगा पुन्हा आला. भरपाईसाठी कुठे अर्ज करता येतो का, याची चौकशी त्याने सुरू केली होती. ‘साहेब, आधी पोलीसकेस नाही, गाडीचा नंबर नाही. पहिला कागद म्हणाल तर तुमचाच आहे,’ तो म्हणाला. मी तो कागद काढला. त्यावर अपघात हा शब्दच नव्हता. मागाहून एक ओळ घालून द्या, असे तो म्हणाला नाही. म्हणाला असता तरी मला ती घालता आली नसती. माझ्या औषधाने त्या रुग्णाचे फारसे नुकसान झाले नसेल. माझ्या मौनाने मात्र निश्चित झाले.

येथे कोणी म्हणेल की वैद्याने चिकित्सा करावी, कोर्टकचेरीच्या भानगडीत पडू नये. हा विचार मीही अनेक वर्षे बाळगला. परंतु कायदा आपल्याला त्या चित्रातून वगळत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ अन्वये अपघात करणाऱ्या चालकाने जखमीस जवळच्या वैद्यकीय व्यावसायिकाकडे अथवा रुग्णालयात नेण्याची व्यवस्था करणे बंधनकारक आहे. आणि त्याच कलमात नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने औपचारिकतेची वाट न पाहता तत्काळ उपचार द्यावेत, असेही म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हेच कर्तव्य सरकारी व खाजगी अशा सर्व डॉक्टरांवर असल्याचे सांगितले. त्या प्रकरणाच्या मुळाशी मोटारीच्या धडकेने जखमी झालेला एक स्कूटरस्वारच होता. पोलिसकेस म्हणून रुग्णालयाने त्याला दुसरीकडे पाठवले आणि वाटेत त्याचा अंत झाला. जखमीस मदत करणाऱ्या सामान्य नागरिकाला २०१६ च्या न्यायालयीन आदेशाने आणि नंतर २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे. तेव्हा भीतीचे कारण उरलेले नाही. जे उरले आहे ते सवयीचे आहे.

सायकलस्वाराचा हक्कही समजून घेतला पाहिजे. सायकलीला ना विमा, ना नोंदणी. त्यामुळे आपल्याला काही मिळणार नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः मोटारगाडीचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि सायकलस्वार हा त्या विम्याच्या दृष्टीने तृतीय पक्षच होय. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तो दावा करू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. तथापि रुग्णाला सल्ला द्यायचा तर मुदतीच्या आतच हालचाल करण्याचा द्यावा. गाडीचा शोधच लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळतात. पूर्वी याच रकमा पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होत्या. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत मोटार अपघातातील जखमीस ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोखविरहित उपचारांची तरतूद आहे. या साऱ्या दारांची किल्ली एकच आहे, ती म्हणजे अपघाताची वेळीच झालेली नोंद.

आणखी एक बाब आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ११६ मध्ये ‘गंभीर दुखापत’ म्हणजे काय ते सांगितले आहे. अस्थिभंग व संधिच्युती त्यात आहेतच. शिवाय ज्या दुखापतीमुळे रुग्ण पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा नित्याची कामे करू शकत नाही, तीही गंभीर मानली जाते. जुन्या दंडविधानात ही मुदत वीस दिवसांची होती. आता हे पंधरा दिवस कोण मोजणार? शहरातील रुग्णालय रुग्णाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवते. त्यानंतर तो बंध बदलायला, अभ्यंग-स्वेदनाला, गुग्गुळकल्प न्यायला आपल्याकडे येतो. ‘आज बारावा दिवस, हात खांद्याच्या वर जात नाही, दूध काढता येत नाही,’ ही ओळ आपणच लिहू शकतो. ती लिहिण्यास अर्धे मिनिट पुरते.

आता चिकित्सेविषयी. आचार्य सुश्रुतांनी सद्योव्रणाचे सहा प्रकार सांगताना पिच्चित आणि घृष्ट यांना स्वतंत्र स्थान दिले. संधिमुक्ताचे सहा व काण्डभग्नाचे बारा प्रकार वर्णिले. बंध सैल असेल तर संधी स्थिर राहत नाही आणि घट्ट असेल तर शोथ, वेदना व पाक होतो, हेही बजावले. १०७ मर्मांपैकी ३७ मर्मे जत्रूच्या वर आहेत, हे आपण पदवीच्या अभ्यासात पाठ केले. मग कानावरचे टेंगूळ पाहून माझा हात का थांबला नाही? शास्त्र कमी पडले नाही, मी कमी पडलो.

सायकलस्वाराच्या आघाताची काही वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. हात टेकून पडल्याने जत्र्वस्थी मोडते, किंवा अंगठ्याच्या मुळाशी मनगटातील लहान अस्थी दुभंगते. नंतरचे दुखणे पहिल्या क्ष-किरण चित्रात दिसेलच असे नाही. कुशीवर पडलेल्या वृद्धास चालता येत असले तरी मांडीच्या हाडाचा वरचा भाग तडकलेला असू शकतो. मुलाच्या पोटात हँडलचे टोक घुसले असेल, तर बाहेर लहानसा वळ आणि आत यकृत-प्लीहेस इजा, असे घडते. डोक्यास मार असेल तर वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, कानानाकातून स्राव, झटका, एका बाजूची दुर्बलता यांपैकी एकही लक्षण तत्काळ पाठवण्यास पुरेसे आहे. वृद्ध, मद्यपी आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्यात ही लक्षणे कित्येक आठवड्यांनीही प्रकटतात. अस्थिभंगाची शंका फिटेपर्यंत मर्दन नको, शेक नको, घट्ट बंध नको. भग्नचिकित्सेत आपले बलस्थान आहे ते अस्थी सांधताना व सांधल्यानंतर. त्याआधीची घाई ही शास्त्राची सेवा नव्हे.

औषधी विक्रेत्यांना विशेष विनंती आहे. पुष्कळ जखमी आपल्याकडे येण्यापूर्वी तुमच्या काउंटरवर येतात. मुका माराचे तेल किंवा वेदनाशामक गोळी मागणाऱ्याला ‘कशाने लागले?’ एवढे विचारा. ‘गाडीने’ असे उत्तर आले, तर बाटली देण्याआधी त्याला वैद्याकडे वा रुग्णालयात पाठवा आणि १०८ क्रमांकाची आठवण करून द्या. एक विक्री लांबेल, पण गिऱ्हाईक टिकेल. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून त्या रुग्णवाहिकांतून आपल्याच विद्याशाखेचे अनेक पदवीधर डॉक्टर काम करीत आले आहेत. रस्त्यावरील आघात हा आपला विषय नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्याशी एकदा बोलावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये संगणकक्षेत्रातील नामवंत अभियंता आणि इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा नवी मुंबईत नेरूळजवळ, पाम बीच रस्त्यावर सकाळी सायकल चालवताना भरधाव टॅक्सीच्या धडकेने मृत्यू झाला. सोबत इतर सायकलस्वार होते. गुन्हा नोंदवला गेला, वृत्तपत्रांनी दखल घेतली. एवढी साक्ष असूनही गेलेला माणूस परत येत नाही, हे खरेच. परंतु आमच्या रस्त्यावर पहाटे पडलेल्या दूधवाल्यास सोबती नसतो, वार्ताहर नसतो. त्याला साक्षीदार एकच, तो म्हणजे ज्याने त्याला प्रथम तपासले तो वैद्य.

रुग्णाला पोलिसांत जायचे नसते, गाडीवाला कधी शेजारच्या गावचा, कधी नात्यातला निघतो, याची मला जाणीव आहे. तक्रार करावी की तडजोड, हा त्याचा निर्णय. त्यात वैद्याने न्यायाधीश होऊ नये. गाडीवाल्याचा दोष होता की नाही, हेही आपण ठरवू नये. आपण फक्त रुग्णाच्या तोंडचे शब्द आणि आपल्या डोळ्यांना दिसलेले व्रण लिहावेत.

त्या शेतकऱ्यानंतर मी चिकित्सालयात एक नियम केला आहे. अभिघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पाच गोष्टी लिहायच्या : दिनांक व वेळ, ठिकाण, कशाने लागले, कोणी आणले, आणि शरीरावरील प्रत्येक व्रणाचे स्थान व माप. वाहनाचा उल्लेख आला तर पोलीस ठाण्यास लेखी कळवून पोच ठेवायची आणि केसपेपरची प्रत त्याच दिवशी रुग्णाच्या हाती द्यायची. डोक्याला मार असेल तर दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने घरी विचारणा करायची. आपल्या संघटनेने अशा नोंदीचा एक छापील नमुना तयार करून सभासदांना द्यावा, अशी माझी सूचना आहे. त्याला खर्च फारसा येणार नाही.

ते शेतकरी अजून अधूनमधून चिकित्सालयात येतात. काठी दाराशी ठेवतात आणि बाकावर बसतात. मला त्यांनी कधी बोल लावलेला नाही. त्यांचा जुना केसपेपर मात्र मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे आणि नवा रुग्ण ‘मुका मार’ म्हणाला की आधी तो खण आठवतो, मग लेखणी उचलतो.