आधी मागची फळी, मग इंजिन

आपल्या या ग्रुपवर धारच्या वाड्यांच्या, देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीच्या, टेकडीवरच्या देवीच्या आठवणी येतात. मीही त्या लिहिल्या आहेत, तुम्ही कौतुकाने वाचल्या. आज मात्र एका नावेबद्दल आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी साधा बी.कॉम. माणूस. आयुष्य बँकेत गेलं. 1990 नंतरची काही वर्षं धार जिल्ह्यात, कुक्षीकडच्या एका शाखेत होतो. कर्जं कसली, तर पंपसेट, म्हैस, कापूस, मिरची. नर्मदेकाठचे कहार-केवटही खातेदार होते. त्यांच्या नावा वल्ह्यांवर आणि लांब बांबूवर चालायच्या. नदीचा तळ त्यांना पाठ होता, कुठे बांबू टेकतो, कुठे नाही.

पुढे नदीचा तलाव झाला. सप्टेंबर 2019 मधे सरदार सरोवर पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत, म्हणजे पूर्ण भरलं. धरण गुजरातेत, पण पाणी आपल्या धार-बडवानीत आलं. चिखल्दा, निसरपूर ही नावं तुम्ही तेव्हा बातम्यांत ऐकली असतील. बांबू आता तळाला लागेना. काठ दूर गेला, वारा सुटला की लाटा उठू लागल्या. वल्ही मारून जाळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, यातच माणूस थकून जायचा. मग इंजिन हवं, असं सगळ्यांनाच वाटू लागलं. त्यात चूक काहीच नव्हतं.

2020 च्या हिवाळ्यात एक जुने खातेदार मुलाला घेऊन देवासला माझ्या घरी आले. वय साठीच्या पुढे. मला अजून "बाबूजी" म्हणतात. पिशवीत दोन कोटेशनं होती, एक 6 हॉर्सपॉवरच्या आऊटबोर्डचं आणि एक 15 च्या. "बाबूजी, कौनसा लूँ?"

मी चष्मा लावला, कॅल्क्युलेटर घेतला. किमतीला हॉर्सपॉवरने भागलं. 15 चं इंजिन दर हॉर्सपॉवरमागे स्वस्त पडत होतं. हप्त्यातला फरक त्यांना पेलेल असं वाटलं. मी म्हटलं, "पंधरा का लो. एकदाच घेताय, मोठं घ्या." ते खूश झाले, सौ.ने पोहे दिले, ते निघाले. ते इंजिन ज्या नावेला लागणार होतं तिच्याबद्दल मी एक शब्दही विचारला नाही.

नाव त्यांच्या वडिलांच्या वेळची, 18 फुटी, दोन्ही टोकांना निमुळती. अशा नावेला इंजिन अडकवायला जागाच नसते. म्हणून मागचं टोक करवतीने कापलं आणि तिथे सपाट फळी ठोकली. फळी कुठली, तर त्यांच्या बुडालेल्या घराच्या दाराची. पाणी येण्याआधी सोडवून आणलेलं दार. जेमतेम सव्वा इंच जाड आणि नुसत्या खिळ्यांवर. त्यावर पन्नास किलोच्या आसपासचं इंजिन.

जानेवारीत बापलेक भल्या पहाटे जाळी काढायला गेले. परतताना मुलाने पूर्ण वेग दिला आणि फळीचे वरचे खिळे उपटले. इंजिन मागे कललं, पाणी आत आलं, नाव मागून बसली. इंजिन तळाला गेलं. लाकडी नाव पाण्याने भरली तरी तरंगत राहते, म्हणून दोघं तिला धरून थंड पाण्यात राहिले. दुसरी नाव आली म्हणून वाचले. मला फोन आला तो तक्रारीचा नव्हता. "हप्ता थोडा लेट होगा, तुम्हारी पहचान है तो बोल देना," एवढंच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी जे शिकलो ते आधी शिकायला हवं होतं. माझे भाचेजावई रत्नागिरीला असतात. त्यांनी मला नावा बांधणाऱ्या एका कारागिराकडे नेलं. सगळी हकिगत ऐकून तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बैलाचे पैसे दिलेत, जू कोण देणार होतं?"

त्याने समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं तिला ट्रान्सम म्हणतात. पंखा खाली पाण्यात असतो आणि नावेला पुढे ढकलतो. पण इंजिन धरलेलं असतं वरून. म्हणजे ती एक तरफच झाली, फळीचा खालचा भाग आत दाबला जातो आणि वरची कड मागे ओढली जाते. खिळा या ओढीला टिकत नाही. फळी साधारण दोन इंच जाड हवी. सागाची, किंवा मरीन प्लायचे एक-एक इंचाचे दोन थर चिकटवून केलेली. ती नावेच्या तळाला आणि दोन्ही बाजूंना लाकडी कोनांनी बांधायची, म्हणजे जोर एकट्या फळीवर न येता सगळ्या नावेवर वाटला जातो. बोल्ट आरपार, आतून रुंद वॉशर. बोल्टांची भोकं नीट बंद केली नाहीत तर लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून रंग चकचकीत दिसतो. जुन्या फळीवर हातोडीच्या दांड्याने वाजवून बघायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर बदलायची.

मग उंची. इंजिनच्या दांड्याचे मुख्य दोन प्रकार, आखूड 15 इंचांच्या फळीसाठी आणि लांब 20 इंचांच्या. नावेच्या तळापासून फळीच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती नावेच्या तळाच्या साधारण एक इंच खाली यायला हवी. इंजिन फार वर बसलं तर पंखा हवा खेचतो आणि नुसताच घरघरतो. फार खाली बसलं तर पाण्याचा अडथळा वाढतो. शिवाय आपल्या तलावाच्या पोटात बुडालेली झाडं, भिंती, विजेचे खांब आहेत, पंखा त्यांना लागतो.

आता हॉर्सपॉवर. इथे माझं गणित किती चुकलं ते बघा. अशी जड नाव पाणी कापत चालते, पाण्यावर चढून पळत नाही. तिच्या वेगाला मर्यादा असते. पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, उत्तर नॉटमधे येतं. पाण्यातली लांबी 16 फूट, वर्गमूळ 4, म्हणजे सव्वापाच-साडेपाच नॉट, ताशी सुमारे 10 किलोमीटर. हा वेग 6 हॉर्सपॉवरलाही गाठता येतो. 15 लावलं तर वेग फारसा वाढत नाही, नावेचं मागचं टोक खाली बसतं आणि पेट्रोल जळतं. पूर्ण वेगात 6 चं इंजिन तासाला दोन लिटरच्या थोडं वर खातं, 15 चं साडेपाचच्या आसपास. दर हॉर्सपॉवरमागे स्वस्त म्हणून मी जे सुचवलं ते दर तासाला महाग होतं आणि फळीला झेपणारं नव्हतंच.

धारच्या लोकांना एक गंमत सांगतो. आपल्या राजा भोजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात नावांचाही भाग आहे. कोणतं लाकूड नावेला चांगलं ते सांगून, वेगवेगळ्या जातींची लाकडं मिसळून केलेली नाव टिकत नाही, पाण्यात कुजते, धक्क्याने फुटते, असा इशारा दिला आहे. आज चांगले गोंद आणि बोल्ट आहेत, त्यामुळे तो नियम तसाच पाळायची गरज नाही. पण जुन्या नावेला नवं लाकूड जिथे जोडलं जातं तीच कमजोर जागा, हे धारमधे हजार वर्षांपूर्वी माहीत होतं आणि धारच्याच बँकवाल्याला 2020 मधे माहीत नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कर्ज किंवा अनुदान देताना इंजिन आणि नाव हे एकच काम धरा. 2020 मधे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. तिच्यात लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के मदत आहे. मासेमारांना किसान क्रेडिट कार्डही मिळतं. या चांगल्या गोष्टी आहेत. पण इंजिनाला पक्कं बिल असतं, सुताराच्या मजुरीला नसतं, आणि आम्हा बँकवाल्यांना बिल दिसतं तेवढंच खरं वाटतं. घरकर्जात आपण पाया, भिंती, छत बघून टप्प्याटप्प्याने पैसे सोडतो. इथेही पहिला टप्पा फळी आणि सुताराचा असावा. ती बघून, पाण्यात तपासून, मग इंजिनाचे पैसे. आणि सोबत दोन लाइफ जॅकेट सक्तीची.

कोणी म्हणेल, गरीब माणसाचा खर्च वाढवताय. मी हिशोब केला आहे. 15 ऐवजी 6 घेतलं तर वाचलेल्या पैशात मरीन प्लाय, बोल्ट आणि सुतार बसतो, वर काही उरतं. कोणी म्हणेल, फोर-स्ट्रोक नको, जुनं टू-स्ट्रोक बरं, हलकं असतं आणि स्कूटरचा मेकॅनिकही उघडतो. हे म्हणणं खोटं नाही. आऊटबोर्डचे कारागीर समुद्रकाठी, आपल्याकडे पंपसेटचे. म्हणून इंजिन घेताना पहिला प्रश्न विचारावा, बिघडलं तर ते कोण दुरुस्त करणार आणि सुटे भाग किती दिवसांत येणार?

त्या बापलेकांनी मागच्या टोकाची फळी नव्याने बसवली, सागाची, दोन इंची, कोनांसकट. इंजिन 6 चं, तेही जुनं पण चांगलं तपासलेलं, आणि साखळीने नावेला बांधलेलं. बुडालेल्या इंजिनाचे काही हप्ते मी भरले. याला उपकार म्हणू नका, शिफारस माझी होती. मुलगा मासे घेऊन येतो म्हणतो, मी म्हणतो नुसता फोन करत जा.

तुम्ही महेश्वरला नावेत बसता, नेमावरला अस्थी घेऊन जाता, परिक्रमेत समुद्राकडच्या टोकाला नावेने पलीकडे जाता. पुढच्या वेळी "नर्मदे हर" म्हणण्याआधी मागे जाऊन ती फळी एकदा बघा. हलत असेल, खिळ्यांवर असेल, तर नावाड्याला सांगा, मुलाबाळांना बसवू नका. आणि आपल्यापैकी कोणी बँकेत, सहकारी संस्थेत, सरकारी खात्यात असेल तर ही पोस्ट तिकडे पोचवा. काही चुकलं असेल तर जाणकारांनी खाली लिहावं, मी दुरुस्त करीन.

नर्मदे हर.