एक सेकंद कमी!

‘दिवस पुरत नाही,’ असं बॉसला रोज सांगता ना? 5 जुलै 2024 रोजी तुमचं खरं होतं. त्या दिवशी पृथ्वीने आपली फेरी चोवीस तासांच्या 1.66 मिलिसेकंद आधीच उरकली. (डेडलाइन चुकवायला एवढं कारण चालणार नाही, सॉरी!)

एरवी चंद्राच्या ओढीने पृथ्वी मंदावतच आलीय. अणुघड्याळं मात्र एकाच ठेक्यात चालतात. दोघांचा मेळ राहावा म्हणून 1972 पासून जागतिक घड्याळात 27 वेळा एक जादा सेकंद घातला गेला. हाच लीप सेकंद. शेवटचा आपल्याकडे आला 1 जानेवारी 2017 च्या पहाटे, साडेपाचच्या ठोक्याआधी. थर्टीफर्स्टवाले तेव्हा घोरत होते; नाइट शिफ्टवाले मात्र धास्तावलेले. कारण 2012 च्या लीप सेकंदाला कित्येक सर्व्हर भंजाळले होते. रेडिट बंद पडलं, क्वांटासचं चेक-इन कोलमडलं!

आता पृथ्वीने स्पीड घेतलाय, तोही पोटातल्या द्रवरूप गाभ्याच्या हालचालींमुळे. असंच चाललं तर एक सेकंद चक्क वगळावा लागेल, आणि ते आजवर कधीच झालेलं नाही. ध्रुवांवरचं बर्फ वितळतंय म्हणून ती वेळ लांबतेय: पाणी विषुववृत्ताकडे सरकतं आणि पृथ्वी हात पसरलेल्या स्केटरसारखी जरा हळू फिरते. काय पण मदत!

2035 पर्यंत ही जुळवाजुळव सैल करायची, असं 2022 मध्ये ठरलंय. त्याआधीच वेळ आली तर आपल्याकडे 5 वाजून 29 मिनिटं 58 सेकंदांनंतर थेट साडेपाच. सिस्टिम ॲडमिनची झोप गेलीच समजा.