खाऱ्या हवेतली जुनी गाडी

गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बांधलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी स्पोर्ट्स कार मुरुडच्या किनाऱ्यावर सांभाळायला सोपी वाटते, कारण तिची बॉडी फायबरग्लासची आहे. ती गंजत नाही. गंज खाली लागतो: चासीला, ब्रेकच्या नळ्यांना, वायरिंगच्या जोडांना. हवेतले मीठ ओल धरून ठेवते, म्हणून गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवावी आणि पुरती वाळल्यावरच झाकावी. प्लास्टिकचे घट्ट कव्हर इथे घातकच.

इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, क्लिओच्या घराण्यातले. त्याचे मूळ भाग युरोपातून मिळू शकतात. बॉडीची गोष्ट वेगळी. गाड्या थोड्याच निघाल्या, त्यामुळे तडकलेला भाग बदलण्यापेक्षा फायबर आणि रेझिनने सांधणेच बरे. हे काम फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांना गॅरेजवाल्यांपेक्षा चांगले जमावे. प्रीमियर पद्मिनीसारख्या पत्र्याच्या गाडीसाठी मुंबईत कुर्ल्याचा जुना बाजार आहेच. तिथे अस्सल माल ओळखणारा जाणकार सोबत हवा.

हा विषय आताच घेण्याचे कारण कायद्यात आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार मात्र चालत नाहीत. सत्तरच्या दशकातल्या गाड्या आता या वयात येत आहेत. म्हणून या अंकात आम्ही दिखाऊ रंगकामापेक्षा मूळ भागांच्या शोधाला अधिक जागा दिली आहे. किनाऱ्यावर जुनी गाडी चालती ठेवणाऱ्या वाचकांनी कोणता भाग कुठे मिळाला, कोणता घडवून घ्यावा लागला, हे जरूर लिहून कळवावे.