वापरलेला हायपो मोरीत ओतू नका

घरी फिल्मचे रोल धुणाऱ्या सगळ्यांना, आणि ज्यांच्या न्हाणीघराचं पाणी शोषखड्ड्यात जातं त्यांना तर हात जोडून, विनंती आहे: वापरलेला फिक्सर, म्हणजे आपला हायपो, आजपासून मोरीत ओतू नका. पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून ही घाई.

कृष्णधवल फिल्मची आवड पुन्हा रुजते आहे याचा मनापासून आनंद वाटतो. पण व्हिडिओ पाहून न्हाणीघरात डार्करूम थाटणाऱ्यांना बरेचदा 'भरपूर पाणी सोडून सिंकमध्ये ओता' एवढाच सल्ला मिळतो. सांगणाऱ्याच्या शहरात ते पाणी प्रक्रिया केंद्रात जात असेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीत किंवा गोव्यातल्या एखाद्या वाड्यावर ते सेप्टिक टँकमध्ये जातं, तिथून शोषखड्ड्यात आणि मग जांभ्यात. जांभा सच्छिद्र. पावसात भूजल वर चढतं, विहीर भरत येते आणि शोषखड्ड्यातलं पाणी जमिनीत गाळून निघायला पुरेशी कोरडी जागाच उरत नाही. त्याच विहिरीचं पाणी घरात प्यायला येतं.

फिल्मवरची प्रकाश न लागलेली चांदीची संयुगं विरघळवून काढणं, हेच फिक्सरचं काम. जॉन हर्शेलने 1819 मध्ये हायपोचा हा गुण नोंदवला आणि 1839 पासून छायाचित्रकार तो वापरत आले. ती चांदी फिक्सरमध्येच राहते. बऱ्याच वापरलेल्या फिक्सरमध्ये ती लिटरमागे काही ग्रॅम असते, तरी द्रव अगदी स्वच्छ दिसतो. चांदी जंतूंना मारक, आणि सेप्टिक टँक चालते ती जंतूंच्या जिवावर. फोटोचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नये, असं कोडॅकनेही पूर्वीच सांगून ठेवलं आहे.

आणि जपून ठेवायचं ते असतं तरी किती? एक लिटर रॅपिड फिक्सर साधारण 20 ते 24 रोलांना पुरतो. म्हणजे पाच लिटरच्या एका कॅनमध्ये शंभरेक रोलांचा हायपो मावतो. रोलाचं पहिलं धुण्याचं पाणीही त्यातच टाका, कारण चांदी त्यातही उतरते. कॅन प्लास्टिकचा घ्या, त्यावर ठळक अक्षरात 'विषारी' लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. त्यात डेव्हलपर मिसळू नका, अमोनियाचा वायू सुटतो. ॲसिड तर मुळीच नको.

डेव्हलपर आणि स्टॉप बाथ शहरातल्या ड्रेनेजमध्ये, थोडं थोडं आणि भरपूर पाण्याबरोबर, सोडलं तर चालून जाईल. सेप्टिक टँकच्या घरात मात्र त्यांनाही वेगवेगळे कॅन हवेत. बाल्कनीच्या पन्हाळीत यातलं काहीच नको, कारण ते पावसाळी गटारातून थेट नाल्यात जातं. सेलेनियम टोनर आणि डायक्रोमेट ब्लीच तर कुठल्याही घरातून, कुठल्याही नळीत सोडू नका.

चांदी काढायची असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून साधी लोखंडी स्टील वूल आणा. भांडी घासायची स्टेनलेसची घासणी चालत नाही, तिचं लोखंड विरघळत नाही. ही वूल हायपोत बुडवून ठेवली की काळी पडते, हळूहळू विरते आणि तळाशी काळा गाळ बसतो. तीच चांदी. गाळ हातमोजे घालून, कापडातून गाळून घ्या. वरच्या पाण्यात लोखंड आणि थोडी चांदी उरतेच, त्यामुळे ते निर्धोक समजू नका. सेप्टिक टँकच्या घरात तेही कॅनमध्येच राहू द्या.

हायपोचे भरलेले कॅन चांदी गाळणाऱ्यांकडे द्या. एक्स-रे फिल्म धुणाऱ्या दवाखान्यांचा हायपो ते वर्षानुवर्षं विकत घेत आले आहेत. एकट्याच्या पाच लिटरसाठी कुणी येत नसेल, तर गावातल्या-तालुक्यातल्या रोल धुणाऱ्यांनी मिळून कॅन एका ठिकाणी जमवा आणि अजून फिल्म धुणारा एक्स-रेवाला जवळपास असेल, तर त्याचा हायपो कोण नेतं ते विचारा. पहिला पाऊस पडायच्या आत हे कराच.